इलेक्ट्रिक गिटारचा नाद आतून बदलताना: पिकअप, पॉट आणि कपॅसिटर यांवरचे काम

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज आवडेनासा झाला की बहुतेक वादकांच्या मनात पहिला विचार येतो तो नवे पिकअप (तारांचे कंपन विद्युतसिग्नलमध्ये बदलणारे भाग) विकत घेण्याचा. ही खरेदी पुष्कळदा अनावश्यक ठरते, कारण ज्याला आपण पिकअपचा आवाज म्हणतो तो एकट्या पिकअपचा नसतोच. पिकअपची कॉइल, तिला जोडलेले पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या टोप्यांखालचे, रोध बदलणारे भाग), टोनचा कपॅसिटर (आवाजाचे तेज कमी करणारा छोटा सुटा भाग) आणि ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी केबल या सगळ्यांचे मिळून एकच विद्युतमंडल तयार होते आणि कानावर पडतो तो त्या मंडलाचा आवाज. म्हणून या लेखात कामांचा क्रम मुद्दाम स्वस्ताकडून महागाकडे आणि सहज पूर्ववत करता येणाऱ्या बदलांकडून कायमच्या बदलांकडे ठेवला आहे. प्रत्येक पायरीनंतर गिटार वाजवून पाहावी आणि समाधान झाले तर तिथेच थांबावे.

आवाज नेमका कुठे घडतो

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेले, केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार वर कंप पावू लागली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. इथपर्यंतचे बहुतेकांना ठाऊक असते. नादाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट यापुढची आहे. कॉइलला स्वतःचे प्रेरकत्व (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण) असते, तर कॉइलचे वेढे आणि केबल यांच्यात थोडी धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असते. या दोघांच्या मेळामुळे एका ठरावीक वारंवारितेजवळ सिग्नलला उंचवटा येतो आणि त्यापलीकडच्या तीव्र वारंवारिता झपाट्याने घसरतात. हाच अनुनाद-शिखराचा प्रकार होय.

आकड्यांत पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या धाटणीच्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलच्या, पिकअपचे प्रेरकत्व साधारण २ ते २.५ हेन्री असते आणि नेहमीच्या हंबकरचे, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचे, ४ ते ५ हेन्रीच्या आसपास. गिटारची केबल मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड धारिता जोडते, म्हणजे ५ मीटरच्या केबलचे जवळपास ५०० पिकोफॅरड झाले. कॉइलची स्वतःची धारिता धरून एकूण ६०० पिकोफॅरड मानले, तर २.४ हेन्रीच्या पिकअपचे शिखर सुमारे ४,२०० हर्ट्झवर येते आणि ४.५ हेन्रीच्या हंबकरचे सुमारे ३,१०० हर्ट्झवर. एकाचा आवाज काचेसारखा लखलखीत आणि दुसऱ्याचा गोलसर, भरदार का वाटतो, याचे मोठे उत्तर या फरकात आहे.

शिखराची जागा प्रेरकत्व आणि धारिता ठरवतात, तर त्याची उंची मुख्यतः पॉटचा रोध ठरवतो. रोध कमी असेल तर शिखर दबते आणि आवाज मऊ होतो. रोध जास्त असेल तर शिखर टोकदार राहते. पुढची जवळजवळ प्रत्येक सुधारणा या तीन वाक्यांत बसते, त्यामुळे ती नीट ध्यानात ठेवावीत.

पिकअपच्या जाहिरातींत ठळक छापलेला डीसी रोध मात्र नादाचे माप नव्हे. तार अधिक बारीक वापरली तर वेढे तेवढेच ठेवूनही रोध वाढतो. एकाच जातीची तार आणि सारखीच रचना असलेल्या दोन पिकअपांची तुलना करायला तो आकडा उपयोगी पडतो, त्याहून अधिक भरवसा त्यावर ठेवू नये.

तयारी

तापमान बदलता येणारी सोल्डरिंग आयर्न, छिन्नीसारखे सपाट टोक, रोझिन फ्लक्स असलेली बारीक सोल्डर तार, मल्टीमीटर, मगरचिमटे लावलेल्या चार-सहा वायरी, वायर सोलण्याची पकड आणि लाकडाच्या पॉलिशवर अंथरायला जाड कापड एवढे साहित्य पुरते. नळकामासाठी मिळणारा ॲसिड फ्लक्स इथे कधीही वापरू नये, कारण तो जोड हळूहळू गंजवतो. शिसेयुक्त सोल्डर वापरत असल्यास खिडकी उघडी ठेवावी आणि काम संपल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

गिटार उघडण्यापूर्वी केबल जोडून तिच्या मोकळ्या टोकावर मल्टीमीटर लावावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे ठेवावेत आणि पिकअप निवडण्याच्या स्विचच्या प्रत्येक जागेचा रोध लिहून घ्यावा. हा आकडा पिकअपच्या खऱ्या रोधापेक्षा किंचित कमी दिसेल, कारण पॉट त्याला समांतर असतो. ६ किलोओमचा पिकअप २५० किलोओमच्या पॉटसह सुमारे ५.९ किलोओम दाखवतो. पुढे काही बिघडलेच, तर ही नोंद दोष शोधायला सर्वांत जास्त उपयोगी पडते. झाकण उघडल्यावर चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि शिवाय हाताने जोडणीचा आराखडा काढावा. छायाचित्रात एकमेकींखाली दडलेल्या वायरी दिसत नाहीत, पण आराखडा काढताना प्रत्येक वायर कुठून कुठे जाते हे आपल्याला समजून घ्यावेच लागते.

पहिली पायरी: पिकअपची उंची

ही सुधारणा एका स्क्रूड्रायव्हरने होते, तिला खर्च नाही आणि तरीही ती सर्वांत दुर्लक्षित आहे. पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरावी आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खांबापर्यंतचे (तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या टोकापर्यंतचे) अंतर मोजावे. सिंगल कॉइलसाठी जाड तारांकडे सुमारे २ ते २.४ मिलिमीटर आणि बारीक तारांकडे १.६ ते २ मिलिमीटर ही सुरुवात चांगली. हंबकरसाठी गळ्याकडे सुमारे २.४ आणि ब्रिजकडे १.६ मिलिमीटर ठेवून पाहावे.

पिकअप तारांजवळ आणला की आवाज मोठा आणि आक्रमक होतो, दूर नेला की तो मोकळा होतो आणि बोटांच्या दाबातले बारकावे अधिक ऐकू येतात. सिंगल कॉइलमध्ये चुंबक थेट तारांखाली असल्यामुळे एक धोका संभवतो. गळ्याकडचा पिकअप फार वर असेल, तर चुंबकाची ओढ तारेचे कंपन बिघडवते, वरच्या फ्रेटवर जाड तारेचा स्वर लहरत राहतो आणि कितीही सुरात लावली तरी गिटार बेसुरी वाटते. असा दोष दिसला, तर ब्रिज किंवा गळ्याचा कोन यांच्या वाटेला जाण्याआधी पिकअप खाली उतरवून पाहावा. एका वेळी स्क्रूचा अर्धाच फेरा द्यावा आणि लगेच वाजवावे. आधी गळ्याकडचा पिकअप मनासारखा करून मग ब्रिजकडचा त्याच्या पातळीला आणावा, कारण ब्रिजजवळ तारेचे कंपन लहान असते आणि तिथला पिकअप थोडा वरच लागतो.

दुसरी पायरी: पॉटचे मूल्य

सिंगल कॉइलला २५० किलोओम आणि हंबकरला ५०० किलोओम ही रूढ जोडी आहे आणि तिच्यामागचे कारण आता लक्षात येईल: तेजस्वी पिकअपचे शिखर थोडे दाबायचे असते आणि गोलसर पिकअपचे राखायचे असते. व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही पॉट पूर्ण उघडे असताना समांतर येतात, त्यामुळे २५० किलोओमच्या दोन पॉटांचा एकत्रित भार सुमारे १२५ किलोओम होतो. हंबकर लावलेल्या गिटारमध्ये २५० किलोओमचे पॉट बसवलेले असतील, तर आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा वाटतो. अशा वेळी पिकअप बदलण्यापूर्वी पॉट बदलावेत.

बदल करण्याआधी तो ऐकून पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. ५०० किलोओमच्या व्हॉल्यूम पॉटच्या दोन बाहेरच्या पायांवर मगरचिमट्यांनी ४७० किलोओमचा रोधक अडकवावा. पॉट पूर्ण उघडा असताना एकूण रोध सुमारे २४० किलोओम होतो आणि २५० किलोओमच्या पॉटचा परिणाम सोल्डर न करता ऐकता येतो. उलट दिशेने, म्हणजे भार कमी करून पाहायचा असेल, तर टोनच्या कपॅसिटरचा एक पाय तात्पुरता सोडवावा. टोनचा भार पूर्णपणे गेल्यावर आवाज किती उघडतो हे कळले की मोठ्या मूल्याच्या पॉटवर खर्च करावा की नाही, हे आपोआप ठरते.

पॉटच्या छापील मूल्यात २० टक्के फरक सामान्य मानला जातो, म्हणजे ५०० किलोओमचा पॉट प्रत्यक्षात ४०० असू शकतो किंवा ६०० देखील. म्हणून नवा पॉट बसवण्याआधी मोजावा. व्हॉल्यूमसाठी लॉगॅरिदमिक जातीचा पॉट घ्यावा, कारण आपला कान आवाजाची पातळी त्याच रीतीने जोखतो. यंत्रभागाची मापेही पाहावीत: काही पॉटांची मान ८ मिलिमीटरच्या छिद्रात बसते आणि काहींना ९.५ मिलिमीटरचे छिद्र लागते, तसेच दांड्यावरच्या दात्यांची संख्याही सारखी नसते, त्यामुळे जुनी टोपी नव्या पॉटवर बसेलच असे नाही.

पॉटच्या पाठीवर ग्राउंडची (सिग्नलच्या परतीच्या, शून्य दाबाच्या मार्गाची) वायर जोडणे हे नवशिक्याला सर्वांत अवघड जाते. पाठीचा तेवढा भाग बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यावा, आयर्न ३५० ते ३८० अंश सेल्सियसवर ठेवावी, रुंद टोक वापरावे, आधी धातूवर सोल्डरचा पातळ थर पसरू द्यावा आणि मग त्यात वायर दाबावी. तीन-चार सेकंदांत काम झाले नाही, तर आयर्न बाजूला घेऊन पॉट निवू द्यावा. मी सुरुवातीच्या काळात कमी वॉटची आयर्न अर्धा मिनिट टेकवून दोन पॉट आतून भाजले होते. बाहेरून जोड चकचकीत दिसत होता आणि फिरवताना करकर येत होती. छोट्या टोकाने जास्त वेळ तापवण्यापेक्षा मोठ्या टोकाने थोडा वेळ तापवणे पॉटला सोसते.

तिसरी पायरी: टोनचा कपॅसिटर

सिंगल कॉइलसाठी ०.०४७ आणि हंबकरसाठी ०.०२२ मायक्रोफॅरड ही नेहमीची मूल्ये असून कपॅसिटरवर ती अनुक्रमे ४७३ आणि २२३ अशा अंकांनी छापलेली असतात. टोन पूर्ण बंद केला की कपॅसिटर जवळजवळ थेट पिकअपला समांतर येतो आणि शिखर खाली सरकते. २.४ हेन्रीच्या पिकअपसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडने ते सुमारे ४७० हर्ट्झवर जाते, तर ०.०२२ ने सुमारे ६९० हर्ट्झवर. टोन बंद केल्यावर सगळे चिखलात रुतल्यासारखे ऐकू येत असेल, तर लहान मूल्य घ्यावे, ०.०१० मायक्रोफॅरड लावला तर टोनचा सगळा फेरा वापरण्याजोगा होतो. चाचणीसाठी कपॅसिटरच्या जागी दोन वायरी बाहेर काढून मगरचिमट्यांत निरनिराळी मूल्ये अडकवत वाजवावे, म्हणजे पाच मिनिटांत निवड होते.

कपॅसिटर कोणत्या द्रव्याचा आहे यावर वादकांमध्ये घनघोर चर्चा होते आणि जुन्या धाटणीचे महागडे कपॅसिटर चढ्या भावाने विकले जातात. माझे स्पष्ट मत असे की गिटारच्या या मंडलात मोजलेली धारिता सारखी असेल, तर साधा पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर तेच काम करतो. छापील मूल्य आणि खरे मूल्य यांतला फरकच बहुधा ‘वेगळ्या आवाजा’च्या रूपाने ऐकू येतो.

स्ट्रॅटोकास्टरच्या मूळ जोडणीत ब्रिजकडच्या पिकअपला टोनचे नियंत्रण नसते आणि अनेकांना तो कर्कश वाटतो. स्विचवर ब्रिजच्या टोन-पायापासून मधल्या पिकअपच्या टोन-पायापर्यंत छोटीशी वायर जोडली की तो टोन दोघांनाही लागू होतो. इतक्या कमी श्रमात इतका फरक देणारी दुसरी जोडणी मला माहीत नाही.

चौथी पायरी: व्हॉल्यूम कमी करताना तेज टिकवणे

व्हॉल्यूम थोडा कमी केला की आवाज लहान होण्याबरोबर मंदही होतो, ही तक्रार सार्वत्रिक आहे. पॉट मध्यावर असताना त्याचा रोध केबलच्या धारितेआधी मालिकेत उभा राहतो. ५०० किलोओमचा पॉट विद्युतदृष्ट्या बरोबर मध्यावर असेल, तर हा परिणामी रोध सुमारे १२५ किलोओम होतो आणि ५०० पिकोफॅरडच्या केबलसह साधारण २,५०० हर्ट्झपासूनच वरचा भाग गळू लागतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे व्हॉल्यूमच्या आत येणाऱ्या पायापासून मधल्या पायापर्यंत १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओमचा रोधक जोडणे. नुसता कपॅसिटर लावला तर व्हॉल्यूम खाली नेताना आवाज उलट पातळ आणि टोचरा होतो. रोधक त्याला आवर घालतो, पण पॉटचा उतार थोडा बदलतो. दुसरा उपाय म्हणजे टोनची वायर व्हॉल्यूमच्या आत येणाऱ्या पायावरून काढून मधल्या पायावर लावणे. १९५० च्या दशकातल्या काही गिटारींत अशीच जोडणी असे. तिच्यात नवे सुटे भाग लागत नाहीत आणि तेज बरेच टिकते. मात्र टोन फिरवला की व्हॉल्यूमवरही किंचित परिणाम होतो. मी आधी हा दुसरा उपाय करून पाहायला सांगेन. दोन्ही उपाय एकाच वेळी करू नयेत.

पाचवी पायरी: शिखर खाली आणणारा छोटा कपॅसिटर

पिकअपचा आवाज जास्त तीक्ष्ण असेल, तर टोन फिरवून तेज कापण्याऐवजी शिखरच खाली सरकवता येते. व्हॉल्यूमच्या आत येणाऱ्या पायापासून ग्राउंडपर्यंत, छोट्या स्विचमधून, ४७० पिकोफॅरड ते २.२ नॅनोफॅरडच्या दरम्यानचा कपॅसिटर जोडावा. १ नॅनोफॅरडने वरच्या उदाहरणातील सिंगल कॉइलचे शिखर ४,२०० वरून सुमारे २,६०० हर्ट्झवर येते आणि आवाजाला हंबकरसारखी छाती मिळते. ही सुधारणा फारशी प्रसिद्ध नाही, पण खर्च आणि परिणाम यांचा हिशेब मांडला तर मी तिला नव्या पिकअपच्या वर ठेवतो.

सहावी पायरी: हंबकरचे तुकडे करणे आणि जोडणे

१९५० च्या दशकात सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी घडवलेल्या हंबकरमध्ये दोन कॉइल उलट वेढ्यांच्या आणि उलट चुंबकीय दिशेच्या असतात, त्यामुळे तारांचा सिग्नल एकत्र येतो आणि बाहेरून शिरलेली गुणगुण परस्परांना काटते. पिकअपमधून चार वायरी आणि एक उघडी आवरण-वायर निघत असेल, तर या दोन कॉइलांशी खेळता येते. वायरींचे रंग उत्पादकागणिक बदलतात: सेमूर डंकनच्या पिकअपात काळी सिग्नलची, हिरवी ग्राउंडची आणि लाल-पांढरी एकत्र जोडायची असते, तर डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, हिरवी ग्राउंडची आणि काळी-पांढरी एकत्र. म्हणून रंगावर विसंबण्याआधी मल्टीमीटरने कोणत्या दोन वायरींत एक कॉइल आहे हे तपासावे.

एकच कॉइल वाजवण्यासाठी दोन कॉइलांचा जोडबिंदू पुश-पुल पॉटच्या स्विचच्या मधल्या पायाला लावावा आणि बाहेरच्या एका पायाला ग्राउंड द्यावे. टोपी वर ओढली की एक कॉइल ग्राउंडला जाऊन गप्प होते. आवाज पातळ आणि लहान होतो, गुणगुण परत येते, आणि सिंगल कॉइलचा अस्सल बाज मिळेलच असे नाही. फारच कृश वाटला, तर जोडबिंदू आणि ग्राउंड यांच्यामध्ये काही किलोओमचा रोधक ठेवावा, म्हणजे दुसरी कॉइल थोडी बोलत राहते. दोन्ही कॉइल समांतर जोडण्याचा पर्याय मला अधिक पसंत आहे: रोध आणि प्रेरकत्व दोन्ही घटतात, आवाज उघडा होतो आणि गुणगुण मात्र बंदच राहते. त्यासाठी स्विचचे सहाही पाय वापरावे लागतात.

सातवी पायरी: पिकअप बदलणे आणि फेज जुळवणे

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर नवा पिकअप घ्यावा. बसवण्याआधी त्याचा फेज, म्हणजे सिग्नलची धन-ऋण दिशा, जुन्याशी जुळतो का ते पाहावे. पिकअपच्या वायरींना मल्टीमीटर लावून तो मिलिव्होल्टच्या सर्वांत खालच्या पट्टीवर ठेवावा, पोलादी स्क्रूड्रायव्हर खांबावर टेकवून झटकन उचलावा आणि आकडा धन बाजूला उसळतो की ऋण बाजूला हे टिपावे. दोन्ही पिकअपांत उसळी एकाच दिशेने हवी. ती उलट असेल, तर दोन्ही पिकअप एकत्र वाजवताना आवाज नाकातून आल्यासारखा पोकळ होतो. सिंगल कॉइलमध्ये दोन वायरी अदलाबदल करून हे सुधारता येते, मात्र धातूचे आवरण ग्राउंडच्या वायरीला जोडलेले असेल, तर आधी ते वेगळे करून स्वतंत्रपणे ग्राउंडला न्यावे. जाळीदार आवरणाच्या एकाच वायरीच्या हंबकरमध्ये ही अदलाबदल शक्य नसते. तिथे खालचा चुंबक काढून ध्रुव उलट करून बसवावा.

हंबकरचा चुंबक बदलणे ही स्वतंत्र सुधारणाही आहे. अल्निको (चुंबकाचा मिश्रधातू) ५ ऐवजी अल्निको २ घातला तर खर्ज सैल, मध्यभाग गोड आणि आवाज किंचित लहान होतो. जुन्या फेंडर धाटणीच्या सिंगल कॉइलमध्ये मात्र तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, तिथे चुंबक ढकलण्याचा प्रयत्न केला तर कॉइल तुटते.

झाकण लावण्यापूर्वी

गुणगुण जास्त असेल, तर गिटारच्या अंगातल्या, सुटे भाग बसवलेल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावावी. तिचा गोंद वीजवाहक असावा, नाहीतर प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा थेंब द्यावा. पट्टीचे सगळे तुकडे एकमेकांशी आणि ग्राउंडशी जोडलेले आहेत हे मल्टीमीटरने तपासावे आणि सिग्नलचा कोणताही उघडा पाय पट्टीला टेकत नाही याची खात्री करावी. जॅकच्या कप्प्यात ही चूक हटकून होते.

त्यानंतर तारा न चढवताच केबल जोडावी, ॲम्प्लिफायर हळू आवाजात ठेवावा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक पिकअपवर हलकेच टिचकी द्यावी. स्विचच्या प्रत्येक जागेवर जो पिकअप बोलायला हवा तोच बोलतो का ते पाहावे आणि रोध पुन्हा मोजून सुरुवातीच्या नोंदीशी ताडावा. ब्रिजला हात लावल्यावर गुणगुण कमी झाली, तर तारांचे ग्राउंड नीट आहे. हात लावल्यावर ती वाढली, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत. त्या बदलाव्यात आणि मगच झाकणाचे स्क्रू आवळावेत.